दाम्पेई मुंगूस बचाव मोहीम

३ ऑक्टोबर २००५, सोमवार
बढती! निदान मी तरी तिला बढतीच म्हणणार. प्रॉडक्शनमधून माझी बदली 'कंपनी इतिहास संकलन कक्षा'त झाली. कक्षाचा प्रमुख मी. कर्मचारीही मीच. आमच्या मुकुदोरी अॅनिमेशन स्टुडिओला येत्या जूनमध्ये तीस वर्षं होतात, त्यानिमित्त ग्रंथ निघणार आहे. धाकटे साहेब (आमचे प्रेसिडेंट. संस्थापक ओरिहारांचे चिरंजीव) म्हणाले, कायाशिमा, हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार? खरंच आहे. अठ्ठावीस वर्षं झाली मला इथे.

ऑफिसच्या नेझूबाई किल्ली देताना म्हणाल्या, तुम्हालाही खिडकीजवळची जागा दिली म्हणायची, आणि एकदम फायली आवरायला लागल्या. टोक्योत ज्यांना काम उरलेलं नाही त्यांना खिडकीजवळ बसवतात, असं लोक बोलतात. लोकांना काय कळतंय. बारीक काम करणाऱ्याला उजेड लागतोच.

सुमिएला सांगितलं. ती म्हणाली, अहो, पगार तेवढाच आहे ना? बायकोला इतिहासाचं काही नाही.

संकल्प: रोज चार पानं. सिगारेट बंद.

४ ऑक्टोबर
पानं: शून्य. टेबल खिडकीकडे तोंड करून लावावं की पाठ करून, यात दिवस गेला. सिगारेट: सात. (हातातलं पाकीट फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही.)

१४ ऑक्टोबर
प्रकरण पहिलं. १९७६ साल. एक मोठा स्टुडिओ बुडाला, त्यातून पाच जण बाहेर पडले आणि कामि-इगुसा स्टेशनजवळ सोबा नूडल्सच्या दुकानावरची माडी भाड्याने घेतली. खालून येणाऱ्या वाफेने रंगवलेल्या फिल्म एकमेकींना चिकटायच्या, म्हणून दुपारी बारा ते दोन रंगकाम बंद. त्या दोन तासांत पाचही जण खाली जाऊन तेच नूडल्स खायचे. अशी माणसं!

वाचताना मलाच भरून आलं. दीड पान झालं. दर्जा असला की वेग नसतो.

२ नोव्हेंबर, दुपार
नागोयाची एक पाचिंको जुगाराची यंत्रं बनवणारी कंपनी मुकुदोरी विकत घेणार म्हणे. त्यांना हवाय आमचा दाम्पेई. 'दाम्पेई मुंगूस', १९७९, बावन्न भाग. लोखंडी गोळी भोकात पडली की यंत्राच्या पडद्यावर दाम्पेई नाचणार आणि सिगारेटच्या धुरात बसलेले जुगारी टाळ्या वाजवणार. आमचा दाम्पेई! बावन्न भागांत त्याने कधी साधी पैजसुद्धा लावली नाही!

हे मी होऊ देणार नाही. लिहून ठेवतो: होऊ देणार नाही.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
योजना ठरली. दाम्पेई नक्की कोणाचा, हेच आज कंपनीत कोणाला माहीत नाही. मालिकेला पैसे देणारी गोळ्या-चॉकलेटची कंपनी १९८४ साली बुडाली आणि करार कुठे गेले कोण जाणे. म्हणून तर वीस वर्षांत दाम्पेईची साधी पेन्सिलही बाजारात आलेली नाही. मी ते करार शोधणार. दाम्पेई शंभर टक्के मुकुदोरीचा आहे हे सिद्ध करणार. घरात असा खजिना आहे हे कळल्यावर धाकटे साहेब कशाला विकतील?

सुमिएला योजना समजावली. ती भाजी चिरत म्हणाली, घरात सोनं सापडलं की घराची किंमत वाढते, असं मला आपलं वाटतं. मी तिला म्हटलं, तू कांदा बघ.

१८ नोव्हेंबर
पन्नाशीपुढच्या सगळ्यांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले. मी माझ्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला दुसऱ्या प्रकरणाचा आराखडा लिहिला आणि तसाच परत पाठवला. समजायचं ते समजतील.

दुपारी नागोयाचे पाच सूटवाले येणार होते. त्यांच्यापुढे पंधरा अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, असा निश्चय होता. आठवडाभर आरशासमोर सराव केला. (सुमिए म्हणाली, कंबर धरलीय का?) लिफ्टचं दार उघडलं, आत ते होते. मी वाकलो. बरोबर पंधरा. वर पाहिलं तर लिफ्ट बंद होऊन त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर गेली होती. तरी नोंद असावी: पंधराच.

६ डिसेंबर
ओदावाराला कुबोदेरा मास्तरांकडे जाऊन आलो. पाच संस्थापकांपैकी हे एकटेच उरलेत. वय चौऱ्याहत्तर. दाम्पेई यांच्याच पेन्सिलीतून उतरला. मला बघून म्हणाले, कायाशिमा म्हणजे तूच ना रे तो, एपिसोडचे कागद गाडीत विसरून सार्वजनिक न्हाणीघरात दोन तास डुंबत बसलेला? टीव्हीवाल्यांना जुना भाग दाखवावा लागला होता बघ त्या दिवशी.

वयानुसार आठवणींची गल्लत होते. तो दुसराच कोणीतरी असणार. (आणि दीड तास. दोन नाही.)

मी योजना सांगितली. त्यांनी भिंतीतल्या कपाटातून संत्र्यांचा एक जुना खोका ओढून आणला. कंपनीचे सुरुवातीचे करार, आणि त्यांच्याखाली दाम्पेईची पहिली चित्रं. शेपूट आधी केवढी आखूड होती! म्हणाले, थोरल्या साहेबांनी मला हा सांभाळायला दिला होता, धाकट्यालासुद्धा ठाऊक नाही. तू घेऊन जा. पण एक कर कायाशिमा, माझ्या पोराला त्या यंत्रात जाऊ देऊ नकोस. मूल-बाळ नाही मला, हेच काय ते आहे.

मी दोन्ही तळवे चटईवर टेकवले, कपाळ टेकवलं आणि शब्द दिला. परतीच्या गाडीत खोका मांडीवर होता. डोळ्यांना पाणी आलं. सीटखालचा हीटर फार होता.

२० डिसेंबर
विजय! विजय! मास्तरांच्या खोक्यात १९७९चा मूळ करार सापडला. गोळ्यावाल्यांकडे फक्त गोळ्यांच्या कागदाचा हक्क होता. गोळीचा कागद! बाकी दाम्पेई नखशिखांत मुकुदोरीचा. त्याच झपाट्यात सर्व चौसष्ट मालिकांची सूची करायला घेतली. कोणती मालिका, कोणता हक्क, कोणता कागद, कितवा खोका. कोणालाही एका मिनिटात सापडायला पाहिजे.

नियमाप्रमाणे झालेलं काम दर शुक्रवारी नेझूबाईंकडे देतो. त्या तीन प्रती काढतात. एक साहेबांना, एक तिजोरीत, तिसरी कुरिअरने बाहेर जाते. छापखान्यात असणार. आज त्या म्हणाल्या, कायाशिमासाहेब, इतकं नीटनेटकं करायलाच हवं का? थोडा पसारा राहू द्या की. जरा सावकाश घ्या. माझ्या तब्येतीची काळजी करतात बिचाऱ्या.

११ जानेवारी २००६
नवीन वर्षाचे संकल्प: रोज आठ पानं (चार जमत नाहीत, कारण चारमध्ये आव्हान नाही). सिगारेट घराबाहेरच.

आज माझे पहिले वाचक आले! दोन तरुण, काळे सूट, बुटांना चकाकी. माझी सूची पानापानाला चिठ्ठ्या लावून वाचलेली. दाम्पेईच्या परदेशी प्रदर्शनाचं काय, विचारलं. पुरवणी करार क्रमांक तीन, मी न बघता सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पाहण्यातला आदर मी विसरणार नाही. कुठल्या विद्यापीठाचे, विचारायचं राहिलं. चहा दिला, सुमिएने दिलेला गोड राजम्याचा केक अर्धा अर्धा दिला. निघताना त्यांना कंबरेतून पूर्ण वाकून नमस्कार केला. इतिहासाची चाड असलेल्यांपुढे मला कसला कमीपणा?

२४ फेब्रुवारी
हिशोब: सूची तीनशे चाळीस पानं. इतिहास नऊ पानं. अजून १९७८ सालातच आहे. पण आराखडा पक्का आहे: माडीवरून गल्लीतलं शेड, शेडमधून स्वतःची चार मजली इमारत, पहिला-दुसरा-तिसरा असे तीन स्टुडिओ, मग ब्रशांच्या जागी कॉम्प्युटर. थोडक्यात काय, पाच माणसांची दोनशे झाली आणि दोनशेंपैकी एकालाही खालच्या दुकानाचे नूडल्स परवडेनासे झाले. हे शेवटचं वाक्य साहेबांना खटकेल. राहू दे. मी घाबरत नाही.

धाकटे साहेब हल्ली स्वतः वर येतात. आज विचारलं, दाम्पेईच्या गाण्याचेही हक्क आपलेच? मी कागद समोर ठेवला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला! म्हणाले, कायाशिमा, तुम्ही काय करून ठेवलंय याची तुम्हाला कल्पना नाही. कल्पना आहे साहेब, मी मनात म्हटलं. मास्तरांचा खोकाही त्यांनी मागितला, चित्रांसकट. अशा वस्तू तिजोरीतच हव्यात. दिला.

सौदा मोडला असं मी समजतो. येताना बिअर घेतली. सुमिए म्हणाली, मोडला असं ते म्हणाले का? म्हटलं, हात धरला. ती म्हणाली, माझाही धरला होता एकाने, त्याला आता तीस वर्षं होतील.

१० मार्च
नोटीस लागली. एक एप्रिलपासून मुकुदोरी नागोयाच्या कंपनीत विलीन. नाव राहणार. म्हणजे दारावरची पाटी राहणार.

खचलो नाही. साहेबांवर दबाव आला असणार. तीन पानी निषेधपत्र लिहिलं: "हा स्टुडिओ लोखंडी गोळ्यांच्या खेळासाठी जन्मलेला नाही." नुसत्या भावनेला कोणी विचारत नाही, म्हणून पत्राला पुरावा म्हणून अंतिम सूची जोडली. पूर्ण, तपासलेली, अनुक्रमणिकेसह. सही-शिक्का करून नेझूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पत्र वाचलं, सूची पाहिली, आणि म्हणाल्या, हे सुटं सुटं द्यायचंय की एकत्रच? एकत्रच, मी ठणकावलं.

३१ मार्च
तळमजल्याच्या हॉलमध्ये समारंभ. दोनशे माणसं. मी शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरवून गेलो होतो.

नागोयाचे डायरेक्टर साकिसाका बोलायला उभे राहिले. म्हणाले, प्रामाणिकपणे सांगतो, नोव्हेंबरमध्ये आम्ही माघार घेणार होतो. दाम्पेई कोणाचा हेच कळत नव्हतं. उद्या कोणी कोर्टात खेचलं तर? असल्या कंपनीला हात कोण लावणार? पण इथल्या एका माणसाने एकहाती सगळे हक्क शोधून, लावून, अनुक्रमणिकेसह आमच्या वकिलांच्या हातात दिले. आमचे दोन वकील त्यांना भेटूनही गेले, अगदी केक खाऊन आले. आजचा दिवस त्यांच्यामुळे. कायाशिमासाहेब कुठे आहेत?

दोनशे माना वळल्या. नेझूबाई तेवढ्या खाली बघत होत्या. मग टाळ्या. मला उभं राहावं लागलं. वाकावं लागलं. किती अंश ते मोजलं नाही.

३१ मार्च, थोड्या वेळाने
मुद्दे. एक: मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन: नियमाप्रमाणे कागद ऑफिसात द्यावेच लागतात. तीन: मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं.

तीन खोटं आहे. दुसरा कोण करणार होता? दुसऱ्याला मास्तरांनी खोका दिला नसता.

३ एप्रिल, सोमवार
सकाळी नवं पत्र. नागोयाच्या नव्या होल्डिंग कंपनीला स्वतःचा इतिहास लिहून हवाय, माझं नाव एकमताने पुढे आलं म्हणे. कंपनी स्थापन होऊन चार महिने झालेत. पत्र घडी करून खिशात ठेवलं. फाडायचं होतं. फाडलं नाही.

दुपारी फोन आला. ओदावाराहून. मास्तर पेपर वाचत नाहीत, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आवाज उत्साही. म्हणाले, काय रे कायाशिमा, हिवाळा उलटला, वाचवलंस ना पोराला?

वाक्यं तयार होती. चांगल्या हातात आहे. नाव राहिलंय. लढा चालू आहे.

म्हटलं, नाही मास्तर. मीच दिला.

ते म्हणाले, बरं. मग ती चित्रं तेवढी परत पाठव.

म्हटलं, तीही दिली.

बराच वेळ कोणीच फोन ठेवला नाही. पलीकडे त्यांची किटली उकळत होती, ती बंद करायलाही ते उठले नाहीत. शेवटी मीच ठेवला.