माझं घर भाचीला आणि तिच्या ड्रायव्हरला

मी, धंद्याने पाट्या रंगवणारा, वय वर्षे सदुसष्ट, विधुर, राहणार याच घरात, आज सकाळी चहा आणि ठरलेली गोळी घेऊन, डॉक्टरीणबाईंना समोर बसवून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला स्किझोफ्रेनिया आहे. तो ऐन पंचविशीत आला आणि घरातल्या माणसासारखा राहिला. तरी मी कोणाला काय देतो आणि त्याने कोणाच्या पोटात दुखेल, हे मला पुरतं कळतं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. थोरले बंधू तो नक्की मागतील.

१. दोन खोल्यांचं हे घर माझ्या कष्टाचं आणि माझ्या पत्नीच्या पगाराचं आहे, वडिलोपार्जित नाही. सबब थोरल्या बंधूंचा व त्यांच्या मुलांचा त्यावर कोणताही हक्क नाही. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बंधूंनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "हा वेडा आहे. भिंतींशी बोलतो. अजून वेळ गेलेली नाही." ही एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. म्हणाली, "त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलंय. माझ्याही कानात दिवसभर माणसं बोलतात. फरक एवढाच, की मला त्याचा पगार मिळतो." बंधू लग्नाला आले नाहीत. त्यांच्यावाचून काही अडलं नाही. पण माझं लक्ष सारखं दाराकडे होतं, हे त्यांना आता कळायला हरकत नाही.

२. सदर घर मी धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, आणि तिचा होणारा नवरा, धंद्याने बसड्रायव्हर, यांना समाईक देत आहे. भाचीला गेल्या वर्षी माझाच आजार निघाला. "दादा, त्या पोराच्या आयुष्याचं वाटोळं कशाला?" असं म्हणून बहिणीने लग्न मोडायला घेतलं. हे ती माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा पीत म्हणाली. पोराला मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

तो ड्यूटी संपवून गणवेशातच माझ्याकडे आला. "मामा, ती म्हणते मी तिच्याविरुद्ध कट करतोय. मामी अशा वेळी काय करायच्या?"

मी सांगितलं ते असं. मी हिला विचारायचो, "खालून कोणी मला हाका मारतंय का?" ही खोटं बोलली नाही, हसलीही नाही. हातातलं काम टाकून गॅलरीत जाऊन बघून यायची. "अहो, खाली कोणी नाही. पण तुम्हाला ऐकू येतंय ना? मग मी इथेच बसते." एका आजारपणात हिच्या हातच्या जेवणात विष आहे, अशी माझी खात्री झाली. ही आधी स्वतः घास खाऊन दाखवायची, तरी मी ताट सारायचो. शेवटी हिने स्वयंपाकघरच माझ्या ताब्यात दिलं. "तुम्ही करा, मी खाते." करपलेलं, अळणी, सगळं निमूट खाल्लं. हिचं वजन उतरलं, हट्ट नाही. एके दिवशी हिची बांगडी पार कोपरापर्यंत घसरलेली पाहिली आणि मी आपणहून म्हणालो, "चल, दवाखान्यात जाऊ."

मी विचारलं, "करपलेलं खाशील का?"

"मेसमध्ये दुसरं काय मिळतं, मामा?"

या दोघांनी लग्न करावंच, अशी अट नाही. उद्या त्यांचं फाटलं, तर घर एकट्या भाचीचं. कोणाच्या उपकाराखाली राहण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.

३. ब्रश, रंगांचे डबे आणि शिडी समोरच्या फ्लेक्सवाल्याला. त्याने माझा धंदा बुडवला. पण त्याच्या फलकांवरचा 'ळ' बघवत नाही. त्याने रोज एक तरी हाताने काढावा.

४. हिचा निळा स्वेटर कोणाला देऊ नये. तो माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

५. ही गेली तेव्हा सगळ्यांना एकच धास्ती, की आता मला हिचाही आवाज ऐकू येणार. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. मी वाट बघत होतो, हे त्यांना आज इथे वाचूनच कळेल. बाकीचे येतात. तो खाकरणारा म्हातारा येतो, त्या दोघी कुजबुजणाऱ्या येतात. आयुष्यभर ज्यांना नको नको म्हटलं, ते न चुकता येतात. ही येत नाही. संध्याकाळी हिची ड्यूटी सुटायच्या वेळेला मी रेडिओ बंद करतो, खिडकी लावतो आणि बसतो. शेजाऱ्यांना वाटतं, मला आवाजाचा त्रास होतो.

म्हणून शेवटच्या दुखण्यात माझ्या उशाशी जे कोणी असतील, त्यांना माझी सूचना: मी कोणाशी बोलताना दिसलो, तर लगेच औषध वाढवू नये. आधी विचारावं, "कोण आलंय?" दुसरं कोणी असेल, तर खुशाल सुई टोचा. ही असेल, तर आमच्यासाठी दार लोटून घ्यावं आणि बाहेर बसावं.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली आहे.

स्थळ: राहतं घर, गॅलरीकडची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार

(सही) लिहून ठेवणार, पाट्या रंगवणारा

साक्षीदार:
(सही) कोपऱ्यावरचे औषधवाले. माझ्यासमोर सही केली.
(सही) डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर सही केली. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीत आहेत. कलम पाच वाचलं. दार मी स्वतः लोटून घेईन.