लाभ, दोन, तीन

रवि. ७ एप्रिल ८५
यंदा पहिलीत घालायची म्हणून सोनूची पहिली तपासणी. चहा झाल्यावर अंकलिपी घेऊन बसलो.
वाचन : 'क कमळाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत एका दमात. मी खूश. मग सौ.नं दाखवून दिलं की पोरीनं पुस्तक उलटं धरलंय.
लेखन : 'सो' उत्तम. 'ना' घसरला. 'ली'ला पाटीवर जागाच उरली नाही.
साकीनाक्याला कारखान्यात माझ्याकडे तपासणीला असा माल आला तर मी अख्खा लॉट परत पाठवतो. इथे ती सोय नाही. गणित उद्या.

सोम. ८
गणित. वीसपर्यंत मोज म्हटलं. "लाभ, दोन, तीन, चार..." थेट वीसपर्यंत, मधे कुठे अडखळली नाही. फक्त सुरुवात लाभ.
ही माझ्या आईची शिकवणी. गावाहून पोतं आलं की आई पितळी शेरानं तांदूळ मोजते आणि बरकत राहावी म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणते. सोनू बाजूला बसून तेवढंच शिकली. मीही तसाच शिकलो होतो, पुढे मास्तरांनी छडीनं 'एक' शिकवला. सौ. म्हणाली, खाण तशी माती.

बुध. १०
शाळेचा निरोप आला, पहिलीच्या प्रवेशाची मुलाखत मंगळवारी. ही शाळा आमच्या गॅलरीतून दिसते. इथे नंबर नाही लागला तर रेल्वे फाटकापलीकडची. आम्ही दोघं नोकरीवर, म्हणजे आईनं ते दुखरे गुडघे घेऊन, सोनूचा हात धरून रोज बोरीवलीचे रूळ ओलांडायचे.
म्हणून आजपासून 'एक'. आगपेटीच्या काड्या मांडल्या. मी एक म्हणतो, ती लाभ म्हणते.
"एक म्हटलं की संपतं, बाबा."
काय संपतं म्हटलं तर, सगळं.

शुक्र. १२
आईशी बोललो. "मी काय तिका शिकवूक बसलंय?" म्हणाली. खरंच आहे, ती तांदूळ मोजत होती. सौ. माझ्याकडे बघते, मी आईकडे. कोण कुणाला काय बोलणार.
संध्याकाळी आईनं सोनूसमोर मुद्दाम शेर भरला, 'एक' म्हणून दाखवायला. शेर वर उचलला, ओठ हलले, शब्द काही फुटेना. शेवटी तांदूळ परत पोत्यात ओतले आणि गुडघा चोळत बसली. सोनू म्हणाली, बघा.

रवि. १४
काड्या, बटणं, जिन्याच्या पायऱ्या. लाभ, लाभ, लाभ. आज मी ओरडलो. ती रडली नाही, मीच नंतर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पोर चुकतेय म्हणावं तर चूक दाखवता येत नाही.
लेखनात मात्र प्रगती. 'ली' आता पाटीत मावते.

मंगळ. १६
मुलाखत. आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं. वाचन झकास, पुस्तक सुलट. नाव पूर्ण लिहिलं. मग मोजणी, आणि लाभ.
मोठ्या बाईंनी विचारलं, "अगं, एक कुठे गेला?"
"पहिल्याला एक नाही म्हणायचं. तुम्ही म्हणता? मग तुमचे तांदूळ लवकर संपत असतील."
बाईंनी चष्मा काढून पुसला. हसल्या की काय ते कळलं नाही. गुरुवारी परत आणा म्हणाल्या, एकपासून मोजता आलं तर बघू. म्हणजे वाट लागली.
मला राग आला होता आणि पोरीचा अभिमानही वाटत होता. दोन्ही गिळून येताना भाजी घेतली.

बुध. १७
तोडगा आईनंच काढला. सोनूला मांडीवर घेतलं. "बाय माझे, शाळेत काय तांदूळ मोजतत? खावचा आसात तेका लाभ म्हण. बाकी सगळ्याक एक."
सोनूला पटलं. लगेच तपासणी घेतली. काड्या : एक. पायऱ्या : एक. माझ्या शर्टाची बटणं : एक. चिंचोक्यांशी थांबली. भाजले तर खातात, म्हणून लाभ. नियमाप्रमाणे बरोबरच. पास.
बऱ्याच दिवसांनी घरात सगळे नीट जेवलो.

गुरु. १८
आज पालक बाहेर. दार थोडं उघडं होतं, तेवढ्यातून दिसलं ते लिहितो. बाईंनी बरणी काढली आणि टेबलावर लिमलेटच्या गोळ्या ओतल्या. सौ.नं माझं मनगट घट्ट धरलं. सोनू गोळ्यांकडे बघत राहिली. मग अदबीनं विचारलं, "बाई, ह्या खायच्या आहेत?"
बाई काहीतरी म्हणाल्या, आणि नेमकं तेव्हाच शिपायानं दार लावून घेतलं.
बऱ्याच वेळानं सोनू बाहेर आली ती दोन्ही गाल फुगवून. कुठून मोजायला लागलीस? नुसती मान हलवते. हो की नाही तेही कळेना. सौ.नं विचारलं, मी विचारलं. गोळ्या संपेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या जिन्यात आल्यावर तोंड रिकामं झालं.
"आम्ही दोघींनी मोजल्या."
आधी कोणी?
"बाईंनी. त्यांना नीट येत नव्हतं. मी शिकवलं."
सौ. पायरीवरच बसली. यादी सोमवारी लागणार आहे.