वीतभर लांब दोरा

चुडावा, १९५५

चिरंजीव बसप्पास आशीर्वाद.

लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. आधीची दोन पत्रं टाकलीच नाहीत. हैदराबादेत रेडियमनं माझ्या मानेतला कॅन्सर गेला असं तू सांगितलंस, पण डॉक्टर तुझ्याशी बाहेर बराच वेळ बोलत होता. आता तिथंच पुन्हा हाताला गाठ लागते. तुझ्या आईला दिसू नये म्हणून उपरणं गुंडाळून बसतो.

काल तिनं माझ्या इष्टलिंगाला नवा दोरा वळून दिला. गळ्यात घातला तर जुन्यापेक्षा वीतभर लांब. गाठीला कुठंच घासत नाही. विचारलं तर म्हणते, "जुना टोचायलाय म्हनून तुमीच सांगितलाव की."

मी बोललोच नव्हतो. डॉक्टरचं बोलणं तू तिला सांगितलंस काय? तिच्यासमोर उपरणं काढू की नको, तेवढं लवकर कळव.

तुझा बाप,
विरूपाक्ष