तेव्हा मला कुणी विचारलं नाही

१९ जाने. ८७, सोम.
अर्धी रजा टाकून घाटकोपरला गेले. मुलुंडच्या हॉ.मध्ये नको, वर्गातल्या कुणाची तरी आई भेटणारच. डॉक्टरीणबाईंनी तपासून नववा आठवडा सांगितला आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे सोशल वर्कर बाई. वाटलं, आता व्याख्यान. छत्तिसाव्या वर्षी, घरात बारा वर्षांची मुलगी असताना, वगैरे. तसलं काही नाही. दार लावून म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतंय?"
म्हटलं, "तुम्हीच सांगा, ठेवू की नको."
"ते मी सांगणार नाही. तुम्ही ठरवाल त्यात मदत करीन."
इतका राग आला! मग एवढ्या लांब आले कशाला?
ह्यांची सही लागेल ना, विचारलं. नाही म्हणे, सज्ञान बाईची स्वतःची पुरते. मागच्या वेळीही पुरली असती.
मग मागच्या वेळचं सगळं बोलून बसले. ८०चा जानेवारी. सासूबाई अंथरुणाला, मनी पाच वर्षांची, ह्यांची नोकरी कच्ची. ते मूल नको असं ह्यांनी ठरवलं, ह्यांनी सही केली, मला कुणी विचारलं नाही. बाई नुसत्या ऐकत होत्या. शेवटी गृहपाठ दिला. तीन दिवस 'ठेवायचं' असं धरून राहायचं, तीन दिवस 'नाही' असं. काय वाटतं ते लिहायचं. २७ला साडेदहाला परत. पहिलीच्या बाईला गृहपाठ!

२० मंगळ. 'ठेवायचं' – १
फोडणीच्या वासाने मळमळलं, पण चिडले नाही. मनीची झबली कुणाकुणाला दिली ते आठवत बसले. ह्यांना घाटकोपरच्या बाईंकडे गेले होते एवढंच सांगितलं, पुढे काही बोलले नाही. ते बघतात, पण विचारत नाहीत.

२१ बुध. 'ठेवायचं' – २
पट बेचाळीस. आज नंबर पुकारताना बेचाळीसनंतर त्रेचाळीस म्हटलं. मोठ्याने. वर्गात हशा. पुढे बसणारी वैशाली म्हणाली, "बाई, तो गैरहजर आहे."
फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, तारीख पुन्हा गिरवली.
ते असतं तर यंदा पहिलीत असतं. जूनपासून रोज डोक्यात आहे, तोंडातून आजच निघालं.

२२ गुरु. 'ठेवायचं' – ३
दिवसभर खूश होते. संध्याकाळी तांदूळ निवडताना लक्षात आलं, मनात जे मूल आहे ते चालतंय. दप्तर आहे त्याच्याकडे. तान्हं बाळ तीन दिवसांत एकदाही दिसलं नाही. मग मला हवंय ते कोणतं? हे बाईंना विचारायचं. त्या सांगणार नाहीतच.

२३ शुक्र. 'नाही' – १
हलकं वाटलं. कशाला लपवू, वाटलं. पुन्हा दुपटी नकोत, जागरणं नकोत, मनीचा अभ्यास घेता येईल. मटार सोलताना गुणगुणत होते.

२४ शनि. 'नाही' – २
आज ८०ची ती खोली डोळ्यांसमोर. हिरवा पडदा, फिनेल, बाहेर ह्यांच्या चपला वाजतायत. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तेच. मनीने विचारलं, "आई, कुणाशी बोलतेस गं?" म्हटलं, पाढे म्हणतेय. पोर घाबरली असणार.

२५ रवि. 'नाही' – ३
मनी मैत्रिणीकडे. दुपारी हे स्टोव्हला पिन मारत होते. म्हणाले, "बाई काय म्हणाल्या तुला?"
"काही नाही. विचारलं मला. तुम्ही विचारलं होतंत कधी?"
त्यांनी पिन खाली ठेवली. "विचारलं होतं. दोनदा. तू भिंतीकडे तोंड करून पडलेलीस. म्हणालीस, तुम्हीच ठरवा, आणि परत माझ्यासमोर विषय काढू नका. मी नाय काढला."
मी म्हटलं, खोटं. ते भांडले नाहीत. पिन परत उचलून म्हणाले, "तुला पहिली दिली ना जूनमध्ये, तेव्हा हेडबाईंना भेटणार होतो. म्हणणार होतो, हिला दुसरा वर्ग द्या. शाळेच्या गेटापर्यंत आलेलो."
म्हणजे हेसुद्धा मोजत होते. सात वर्षं एका खोलीत दोघं वेगवेगळी मोजत होतो! खूप रडले. त्यांचा राग यायला हवा होता, तो कुठे गेला कळेना.

२६ सोम.
झेंडावंदन. मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. डोकं तिकडेच. 'तुम्हीच ठरवा' म्हटलेलं काही केल्या आठवत नाही. भिंत मात्र आठवते. पोपडे निघालेली, निळसर, अगदी नाकासमोर. आणि मागच्या सोमवारी बाईंना पहिलं वाक्य काय बोलले ते वर माझ्याच अक्षरात आहे: 'तुम्हीच सांगा.'
ज्या गोष्टीवरून सात वर्षं ह्यांना मनातल्या मनात बोल लावले ती मीच त्यांच्यावर टाकली असेल तर?

२७ मंगळ. घाटकोपर, बाकावर
पेन्सिलीने लिहितेय. हे रजा काढून गेटापर्यंत आले. आत नको म्हटलं. म्हणाले, "या वेळी मी पुन्हा पुन्हा विचारीन. चिडलीस तरी."
बाईंना आधी सांगायचं, मागच्या वेळचं मी जे सांगितलं ते तसं नव्हतं. निदान तसंच होतं असं आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मग त्या या वेळचं विचारतील. सकाळी बसमध्ये हो होतं. इथे फिनेलचा वास आला आणि नाही झालं. काहीही म्हटलं तरी नंतर ह्यांच्या माथी मारता येणार नाही. भीती वाटतेय, खरंच.
दार उघडलं. बाई हात करून बोलावतायत आणि मला अजून ठरवता–