उतारा शहाण्णव टक्के

२ जानेवारी १९७८
संकल्प: मार्चअखेर थीसिस. पीएच.डी.च्या रजिस्ट्रेशनला ही शेवटची मुदतवाढ. एकमेकींना जोडलेल्या चार कड्या, त्यात नऊ नायट्रोजन. असा रेणू जगात कुणी केलेला नाही. मी करणार. घाबरलेलो नाही.

९ जानेवारी
झाला! पिवळे स्फटिक, उतारा शहाण्णव टक्के. साखर कारखान्याला बारा टक्के पडला तरी चेअरमन पेढे वाटतो. मूळ पदार्थही पिवळाच होता, पण हा पिवळा जास्त हुशार वाटतो.

१७ जानेवारी
मेल्टिंग पॉइंट २१२. मूळ पदार्थाचाही २१२. मूल आईवर गेलं, इतकंच. गाइड जमादार सर म्हणाले, दोन्ही पावडरी मिसळून तापव. वेगवेगळ्या असतील तर २१२च्या आधीच वितळतील. उद्या करतो म्हणालो.

१८ जानेवारी
बर्नर बिघडला.

१९ जानेवारी
बर्नर बरा झाला. मी बरा नाही.

४ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावर रिसर्च करणारी हाफिजा म्हणाली, "धा मिनटाचं काम हाय, करून टाका की. भ्यालाय व्हय?" भितो कशाला? एवढे नायट्रोजन एकत्र म्हणजे स्फोट व्हायचा. तिच्याच जिवाची काळजी. तिनं माझी पावडर खलात घालून कुटली. काही झालं नाही. अत्यंत स्थिर रेणू! थीसिसमध्ये घ्यायचं.

२० फेब्रुवारी
गारगोटीहून आप्पा आले. म्हणाले, "शाळंत सायन्सची जागा निघालीया. डाक्टर कवा हुतोस सांग, न्हायतर अर्ज टाक." म्हणालो, झालोच आहे, टायपिंग तेवढं राहिलंय. वडील इतके खूश झाले की मलाच रडू आलं.

१३ मार्च
झोप नाही. सहा वर्षं गेली. आज 'आभार' लिहिले. फार सुंदर उतरलेत.

२८ मार्च
सर स्वतः येऊन बसले. पावडरी त्यांनीच मिसळल्या. एकशे नव्वदला वितळू दे, अंबाबाई! दोनशे. दोनशे दहा. दोनशे बाराला वितळली. म्हणजे तोच पदार्थ. सहा वर्षं मी एका बाटलीतला दुसरीत भरत होतो. सरांनी बर्नर बंद केला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अंबादास, शुद्ध मात्र फार छान केलायस."

१ एप्रिल
रजिस्ट्रेशन संपलं. आप्पांना पत्र लिहायला बसलो. 'अर्ज टाकतो' एवढंच लिहिलं.

१२ जून, गारगोटी
आठवी ब. हेडमास्तरांनी ओळख करून दिली, "हे डॉक्टर अंबादास." आप्पांनीच सांगून ठेवलेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीबाहेर आप्पाही वाजवत होते. खरं सांगायला तोंड उघडलं आणि हजेरी घ्यायला लागलो.