दोब्रीचा वजनकाटा

मेद्वेन, १४ नोव्हेंबर

ती. वेनेतावन्सं यांना स्तोयनाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहून कळवते. तुमचे भाऊ घरी आले. हृदय थकलंय, अंगात पाणी साठतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडताना एक वजनकाटा आणि पाटीएवढा पडदा दिलाय. रोज सकाळी काट्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप इस्पितळात जातो. पडद्यावर धडे असतात: मीठ किती, पाणी किती, पाय सुजले किंवा आडवं होताच दम लागला तर लगेच कळवायचं. सत्तरी उलटल्यावर शाळेत घातलं म्हणून हे कुरकुरतात, पण पडद्यावर रादोस्तिना नर्स दिसायची वेळ झाली की केस विंचरून बसतात!

कोबीच्या पिंपातलं खारट-आंबट पाणी त्यांना बंद झालंय. फेकवत नाही, म्हणून मीच पिते. परवा गंमत झाली. हे अंगणात असताना मी काट्यावर चढले, तर रादोस्तिनाचा घाबराघुबरा फोन, की आजोबांचं वजन एका दिवसात एवढं वाढलं कसं! मी कबूल केल्यावर तीही हसली. या वयात बाई जाड व्हायचीच. बूट चढत नाहीत, यांच्या चपला घालून वावरते. झोपते खुर्चीतच. आडवी झाले की गुदमरतं. काळजीनं होत असेल.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची स्तोयना


वार्ना, २२ नोव्हेंबर

चि. स्तोयनाला अनेक आशीर्वाद.

दोब्रीच्या केस विंचरण्यावर पोट धरून हसले. शाळेतही बाई देखणी असली की त्याचा भांग सरळ असायचा. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू मावळलं. अगं, त्याचे म्हणून जे धडे लिहिलेस, ते सगळं तुलाच होतंय. तो काटा काय त्याच्या एकट्याचा आहे? हे पत्र हातात असतानाच त्या मुलीला पाय दाखव. कोबीचं पाणी डुकराला घाल. मला कान नाहीत, डोळे आहेत. भावाला सांभाळायला तू हवीस म्हणून नव्हे, मला हवीस म्हणून लिहिते.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
वेनेता


मेद्वेन, १९ डिसेंबर

ती. ताईस दोब्रीचा शि. सा. न.

बर्फानं घाट बंद होता. तुला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. डुकराचं ऐकून हसली. म्हणाली, वन्सं उगाच घाबरतात, आधी नाताळचं डुक्कर कापून होऊ दे. मी ऐकलं नाही, रादोस्तिनाला बोलावलं. तिनं पडद्यावरून सांगितलं, नडगीवर अंगठा दाबा. मी दाबला. खड्डा पडला, ताई, आणि ओल्या मातीत राहावा तसा राहिला. पलीकडे पोरीनं तिथल्या तिथे फोन उचलला. मग म्हणाली, गाडी पाठवते.

गाडीत चढताना स्तोयना मलाच बजावत होती, की गोळ्या विसरू नका, सूप बिनमिठाचं आहे, तोंड वाकडं न करता खा. आठवडाभर झुंजली. तिलाही काटा देऊन घरी पाठवायचं ठरलं होतं. रविवारी दुपारी हृदय थांबलं.

रादोस्तिना बर्फ तुडवत मातीला आली. तिच्या नावाचे शिजवलेले गहू वाटताना रडत होती. म्हणाली, त्या दिवशी मी हसायला नको होतं, विचारायला हवं होतं. मी म्हटलं, पोरी, तू फोनवर होतीस. मी तर एका छपराखाली होतो आणि सगळे धडे मला पाठ होते. आता ती पेशंटच्या बायकांनाही धड्याला बसवते, त्यांचेही पाय बघते.

पडदा रोज सकाळी प्रश्न विचारतो, ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. घरात सोबतीला कोणी आहे का, असाही एक असतो. ती गेल्यावरही मी ‘हो’ दाबत होतो.

आज ‘नाही’ दाबलं.

पत्र पाठवत जा, ताई.

तुझा दोब्री