ओढा भरून वाहतोय

स्पीती, १२ ऑगस्ट

आई, तुला जयभीम.

मी बरा आहे. दोन्ही वेळा गरम जेवतो, तू दिलेला स्वेटर अंगातून काढत नाही. इथं फोन लागत नाही, म्हणून जीपवाल्याकडं पत्र देतोय. पाण्याचा आवाज लई वाढला, तसा आम्ही तंबू ओढ्याकाठून वर हलवला. तेव्हा तू काळजी करू नको.

वाटेतून पाठवलेला ओढ्याचा फोटो बघून तू फोनवर म्हणालीस, "लई पाणी हाय तिथं, नशिबाची मान्सं." माझीही तीच चूक झाली. खालच्या गावातल्या छेरिंग आजींना म्हणालो, यंदा ओढा भरून वाहतोय, मजा आहे तुमची. आपल्या अवसरीत असंच म्हणतात. आजी चहा ठेवायला आत गेल्या.

ते पाणी पावसाचं नाही, आई. वरची हिमनदी वितळतेय. किती वितळली ते कळावं म्हणून आमची टीम बर्फात बांबू पुरते. दोन वर्षांपूर्वी तीन पुरुष उंचीइतका खोल पुरलेला बांबू परवा आडवा पडलेला सापडला, म्हणजे तेवढा बर्फ गेला. आजींचं वाटाण्याचं शेत याच ओढ्यावर आहे.

चहा देताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचा ओढा आटतो का?"

म्हणालो, "उन्हाळ्यात आटतोच."

"मग परत भरतो?"

मी हो म्हणालो, पण त्यांच्याकडं बघवलं नाही.

अण्णांचा गुडघा कसा आहे? स्नेहाला आपल्या विहिरीच्या पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायला सांग आणि आकडा कळव. पाऊस चांगला झाला असला, तरी मोजायला सांग.

तुझा,
रत्नदीप